विहिरीत तांबडा गेरू आणि खाली "ज्वालामुखीचा दगड" लागला: पुढे खोदायचं की थांबायचं?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलणं चाललंय. पारनेर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला तुमच्या २४ फूट व्यासाच्या विहिरीचं काम चालू आहे. वरचे २ फूट मुरमाड माती, मग १६ फुटांपर्यंत मुरूम, ३१ पर्यंत काळा पाषाण, ३१ ते ३३ तांबडा गेरू, आणि आता ३८ फुटांवर भोकाभोकाचा दगड, त्या भोकांत पांढरे आणि फिकट हिरवे चकचकीत खडे. पाणी म्हणाल तर गेरूच्या वरच्या कडेला डोंगराच्या अंगाने बारीक पाझर, आणि सकाळी जाऊन बघितलं की तळाला फूटभर साचलेलं. ब्रेकरवाला म्हणतो "ज्वालामुखीचा दगड लागला, आता पाणी नाही, बोअर घ्या". वडील म्हणतात अजून दहा फूट जाऊ. चुलते म्हणतात हिरे सापडलेत, कुणाला सांगू नका (आणि तुम्ही ते इथे फोटोसकट टाकलंत, असो). आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आमचा डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी होता का.

मी भूजल सर्व्हेची कामं गेली सत्तावीस वर्षं करते, जास्त करून नगर, पुणे, बीड या पट्ट्यात, म्हणजे विहिरीत उतरून भिंत बघणं हाच धंदा. तर तुमचे प्रश्न वरवर चार दिसतात पण गाठ एकाच जागी आहे. तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात खाली एकच "खडक" आहे आणि तो खोल जाईल तसा बदलत चाललाय असं आहे. तुमच्या विहिरीत प्रत्यक्षात दोन वेगवेगळे लाव्हाचे थर आहेत, एकावर एक, आणि तुम्ही वरच्यातून पार होऊन खालच्याच्या डोक्यात शिरलाय. हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की पाणी, खडे, गेरू सगळ्याचा हिशोब आपोआप लागतो.

ब्रेकरवाल्यापासून सुरू करू. "ज्वालामुखीचा दगड" लागला हे तो चुकीचं सांगत नाहीये, पण तो तर पहिल्या फुटापासूनच लागलाय ना. तुमचा मुरूम हा ज्वालामुखीचा दगड, काळा पाषाण हा ज्वालामुखीचा दगड, वरची माती हा त्याच दगडाचा भुगा, गेरूसुद्धा त्याचाच नातेवाईक. घराचा पाया, देवळाचा कट्टा, जुनं जातं, पाटा वरवंटा, सगळं बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्याच्यावर बसलाय तो दख्खनचा ट्रॅप आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यामुळे दगड ज्वालामुखीचा आहे एवढ्यावरून पाणी आहे की नाही हे ठरत नाही, नाहीतर मग निम्म्या महाराष्ट्रात विहीरच नसती.

आता डोंगराचं. तुमचा डोंगर ज्वालामुखी नव्हता. आपल्या डोक्यात ज्वालामुखी म्हटलं की जपानच्या फुजीसारखा शंकू आणि वर खड्डा असं चित्र येतं. दख्खनमध्ये बहुतांशी तसं झालं नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा उतू गेल्यासारखा बाहेर आला आणि सपाटीवर पसरला, पुन्हा थांबला, पुन्हा आला. हे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं, आणि त्यातला बराचसा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, जे भूशास्त्राच्या हिशोबात म्हणजे एका सुट्टीत उरकल्यासारखं आहे. तेव्हा आपला भूभाग इथे नव्हताच, विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे त्या बाजूला होता. थरावर थर बसत गेले. कोयनेच्या भागात शास्त्रीय ड्रिलिंग केलं तेव्हा ९३० मीटरच्या आसपास सलग बेसाल्ट लागला आणि मग त्याखालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक आला, तिकडे किल्लारीला भूकंपानंतर जे बोअर घेतलं त्यात बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. म्हणजे सह्याद्रीकडे जाड, पूर्वेकडे पातळ. तुमचा डोंगर म्हणजे या चळतीचा न झिजलेला उरलेला तुकडा, आजूबाजूचं नद्यांनी खाऊन नेलं. (लोणारचं विचारणार असाल तर ते पण ज्वालामुखीचं विवर नाही, उल्का पडून झालेलं आहे, १.८ किलोमीटर व्यासाचं. भारतात आज जिवंत ज्वालामुखी म्हणायचा तर अंदमानातलं बॅरन बेट.)

"ट्रॅप" हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, आणि तुम्ही संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर तुमच्या डोंगराकडे बघा, पायऱ्या दिसतील. उभा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार. ते उगाच नाही. एका लाव्हाच्या थराची रचना भाकरीसारखी धरा. खालची बाजू तव्याला टेकलेली, मधला भाग दाट, आणि वर पापुद्रा फुगलेला. लाव्हा आला की त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग लवकर थिजल्याने तिथेच अडकतात, म्हणून थराचं डोकं भोकाभोकाचं. मधला भाग सावकाश थंड होतो, बुडबुडे निघून गेलेले, म्हणून तो घट्ट काळानिळा, आणि थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या चिरा पडतात. ह्या चिरा कधी कधी इतक्या नीटस पडतात की खांब उभे केल्यासारखे दिसतात, अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर तेच. डोंगरावरचा कडा म्हणजे हा घट्ट मधला भाग, आणि गवताचा उतार म्हणजे भोकांचा, लवकर कुजणारा वरचा भाग.

आता हीच भाकरी तुमच्या विहिरीत लावा. १६ ते ३१ फूट काळा पाषाण हा वरच्या थराचा मधला दाट भाग. त्याच्या वरचा १४ फूट मुरूम म्हणजे त्याच थराचा वरचा भाग, तोही एकेकाळी दगडच होता, कुजून मुरूम झालाय. ३१ ला तो थर संपला. ३३ पासून खाली जो भोकाभोकाचा दगड लागला ते खालच्या, जुन्या थराचं डोकं. आणि दोघांच्या मध्ये दोन फुटांचा गेरू.

गेरूवर मी जरा रेंगाळणार आहे कारण तुमच्या विहिरीतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. खालचा लाव्हा येऊन थंड झाला, मग बराच काळ वरून काही आलं नाही. त्या काळात ऊन पाऊस लागून त्याचा माथा कुजला, माती झाली, काही ठिकाणी वर राखही पडली असणार. मग पुढचा लाव्हा हजार-अकराशे अंश तापमानाचा त्याच्यावर पसरला आणि ती माती विटेसारखी भाजली. रंग लाल तो त्यातल्या लोखंडाचा. म्हणजे तुमच्या विहिरीच्या भिंतीत जी लाल पट्टी दिसते ती डायनासोरांच्या अखेरच्या काळातली जमीन आहे, जिच्यावर त्या वेळी उन्हात उभं राहता आलं असतं. मला इतक्या वर्षांनीही विहिरीत उतरल्यावर पहिला हात त्या पट्टीवरच ठेवावासा वाटतो.

पण भाजलेली असली तरी ती आतून चिकणमातीच. तिचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, पाणी तिच्यातून सहज खाली जात नाही, त्यामुळे वरच्या पाषाणाच्या चिरांतून उतरलेलं पाणी गेरूवर येऊन अडतं आणि आडवं सरकतं. तुमचा डोंगराच्या अंगाचा पाझर तो हाच. डोंगराच्या उतारावर मे महिन्यातसुद्धा एका रेषेत उंबर, जांभूळ हिरवे दिसतात ना, खाली बहुतेक असाच जोड असतो. दोन, गेरू कोरडा असताना कुदळीला दाद देत नाही आणि भिजला की ढासळतो. हातभर तुकडा बादलीत टाकून बघा, थोड्या वेळात त्याचा चिखल व्हायला लागेल. एका विहिरीत मी हे तोंडी सांगितलं पण लिहून दिलं नाही, मालकाने बांधकाम दिवाळीनंतर करू म्हणून सोडलं, आणि पहिल्याच मोठ्या पावसात गेरू आतून निसटला, वरचा पाषाण लटकता राहिला आणि दोन दिवसांनी मोटारीसकट खाली आला. कुणी आत नव्हतं हे नशीब. तुम्ही पुढे खोदा नाहीतर थांबा, त्या दोन फुटांच्या पट्टीला पावसाळ्याआधी दगडी बांधकाम किंवा काँक्रीटची रिंग घ्याच, आणि पाझर येतोय तिथे पाइपाचे तुकडे घालून वाट ठेवा, नाहीतर आहे ते पाणीपण बुजवून बसाल.

खड्यांकडे येऊ. फोटोत जे पांढरं, मोत्यासारखं चमकणारं, गव्हाची पेंढी मधे आवळून बांधावी तशा आकाराचं दिसतंय ते जवळपास नक्की स्टिल्बाइट. फिकट हिरवं, चौकोनी, टोकाला निमुळतं, काचेसारखं आहे ते अपोफिलाइट असावं, फोटोवरून शंभर टक्के सांगत नाही. हिरे नाहीत, दादा. हिरा किंबर्लाइटसारख्या फार खोलवरून वर आलेल्या वेगळ्याच खडकात येतो, बेसाल्टच्या भोकात तो तयार होत नाही. घरच्या घरी खात्री करा: पोलादी चाकूच्या टोकाने खड्याच्या कोपऱ्यावर ओरखडा काढा. ओरखडा उठला तर हिरा सोडा, गारगोटीसुद्धा नाही, कारण गारगोटीवर चाकू चालत नाही, उलट गारगोटीच काचेला चरा पाडते. आणि दुसरा एखादा पांढरा खडा तिरक्या चौकोनी तुकड्यांत फुटत असेल तर त्याची पूड करून वर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट. भोकांच्या आत हिरवट मातकट लेप दिसतो तो सेलॅडोनाइट, अजिंठ्याच्या चित्रांत जो हिरवा आहे तो अशाच हिरव्या मातीचा.

हे खडे लाव्हाबरोबर आलेले नाहीत. लाव्हा थिजल्यावर त्या गरम दगडातून कोमट-गरम पाणी फिरत राहिलं, त्याने दगडातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून घेतलं आणि रिकाम्या भोकांत सावकाश जमा केलं. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही मंडळी झिओलाइट कुळातली. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने हे नाव दिलं, तापवल्यावर आतलं पाणी सुटून खडा उकळल्यासारखा दिसतो म्हणून "उकळणारा दगड". अपोफिलाइट त्या कुळातला नाही पण कायम त्यांच्याच पंगतीला बसलेला असतो. आपला भाग यासाठी जगात प्रसिद्ध आहे, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं निळंभोर कॅव्हन्साइट जगभरच्या म्युझियममध्ये आहे, आणि तुम्हाला जवळ म्हणजे सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, वडिलांना आणि विशेषतः चुलत्यांना एकदा दाखवून आणा. चांगल्या झुंबक्याला संग्राहक पैसे देतात हे खरं, पण ब्रेकरने फुटलेल्या तुकड्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे एखादी मोठी पोकळी लागली तर पहारीने हळू सुटी करा. विकायचंच असेल तर आधी तहसीलला परवानगीचं विचारून घ्या. त्यावर विहिरीचा खर्च निघेल असं मात्र धरून चालू नका.

खड्यांवरून पाण्याबद्दल काय कळतं, हा तुमच्यासाठी खरा मुद्दा, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे. सुरुवातीच्या काळात शिरूरकडच्या एका विहिरीत असाच भोकाभोकाचा दगड लागला, मी पुस्तकी डोक्याने विचार केला की भोकं म्हणजे जागा आणि जागा म्हणजे पाणी, आणि त्या माणसाला बिनधास्त सांगितलं अजून पंधरा फूट जा. पंधरा फूट कोरडे गेले. त्यांनी मला काही बोललं नाही, चहा पाजला, पण परत कधी बोलावलं नाही. चूक अशी की भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, ब्रेडच्या तुकड्यासारखं नाही ते, डाळिंबासारखं आहे, प्रत्येक दाणा आपल्या कप्प्यात. आणि वर ती खड्यांनी गच्च भरलेली. म्हणजे एकेकाळी त्या दगडातून पाणी खेळलं आणि जाताजाता त्यानेच वाट बुजवून टाकली. ताजा, कडक, चकचकीत खड्यांनी भरलेला दगड हा पाण्याच्या दृष्टीने काळ्या पाषाणाइतकाच कोरडा असू शकतो.

तोच दगड कुजलेला असेल तर मात्र गणित पालटतं. खडे पांढुरके पिठूळ झालेत, दगड हातोडीखाली खण् न वाजता भद् वाजतोय, आडव्या पातळ पापुद्र्यांत सुटतोय, फटींना तांबूस गंज आहे, याला आमच्याकडे विहीरवाले मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की त्यांचे चेहरे उजळतात. पुस्तकात या कुजण्याला विदारण किंवा अपक्षय म्हणतात. बेसाल्टमधली फेल्डस्पार, पायरॉक्सीन ही खनिजं हवा-पाण्यात टिकत नाहीत, त्यांची चिकणमाती आणि लोखंडाचा गंज होतो. तुमच्या मुरमात गोल गोल धोंडे असतील बघा, त्यातला एक घ्या. मधे निळसर काळा कडक गाभा, त्याच्याभोवती तपकिरी पापुद्रे, कांदा सोलावा तसे नखाने सुटतात. उभ्या-आडव्या चिरांनी दगडाचे ठोकळे झाले, पाणी चिरांतून शिरलं, कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी खाल्लं म्हणून कोपरे आधी गेले आणि ठोकळ्याचा गोळा झाला. मुरूम पाणी धरतो तो या पापुद्र्यांमधल्या फटींत. (झिजणं आणि कुजणं यात फरक आहे बरं का, तुमच्याच तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत ना, ते कुजून झालेले नाहीत, पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून त्यांनी पाषाण कोरलाय.)

आणि हाच बेसाल्ट कुठे कुजतो यावर काय मिळेल ते ठरतं. आपल्याकडे कमी पावसात चुना धुपून जात नाही, म्हणून सपाटीला भेगाळणारी काळी माती आणि तिच्यात चुनखडीचे खडे. तिकडे महाबळेश्वरला, कोकणात बेफाम पाऊस, सगळं धुऊन जातं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहतं, तो जांभा. मूळ दगड दोन्हीकडे एकच.

आता किती पाणी मिळेल याचा एक रोकडा हिशोब करू, कारण यावर कुणी बोलत नाही. कुजलेल्या किंवा चिरा पडलेल्या बेसाल्टमधून उपसून मिळणारं पाणी घनफळाच्या १ ते ३ टक्के धरतात, हिशोबाला २ टक्के. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्याखाली ५ मीटर जाडीचा असा भिजलेला थर आहे समजा, तर पाणी झालं साधारण ४ लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं. कांद्याला पाटाने एक पाणी ५ सेंटीमीटर दिलंत तर एकराला २ लाख लिटर लागतात. म्हणजे तुमच्या एकराखालचं सगळं पाणी दोन पाण्यांत खल्लास. विहीर चालते ती आजूबाजूच्या वीस-तीस एकरांतून सरकत येणाऱ्या पाण्यावर, आणि त्यावर शेजाऱ्यांच्या मोटारीपण बसलेल्या असतात. खोली वाढवली की साठवण वाढते, पाणी वाढतंच असं नाही.

तर खोदायचं का? इथून कागदावर छातीठोक हो-नाही सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून जरा लांब राहा. (नारळ उभा राहिला म्हणणारे पाणाड्येपण त्यात धरा. ट्रॅपमध्ये पावसाळ्यानंतर थोडं तरी पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं, त्यामुळे त्यांचं बरोबर आलेलं लक्षात राहतं आणि चुकलेलं कुणी मोजत नाही.) पण ठरवायचं कसं ते सांगते, मी स्वतः आले असते तर हेच केलं असतं.

पहिलं, विहीर पूर्ण उपसा आणि मोटारीच्या पाइपानेच भिंत धुऊन काढा, ब्रेकरची पूड बसलेली असते तोवर काहीच दिसत नाही. दोन तास थांबा. जिथे जिथे भिंत ओली होते तिथे चुन्याने खूण करा आणि वरून किती फूट ते लिहा. माझा अंदाज, मोठा पाझर ३०-३१ फुटांवरच निघेल. गेरूच्या खाली ३३ ते ३८ मध्ये एक तरी ओली चीर दिसते का हे शोधा, अख्खा निर्णय या एका गोष्टीवर आहे. मग पाणी किती वेगाने चढतं ते बघा, संध्याकाळी उपसून रात्री दहाला, पहाटे चारला आणि सकाळी पट्टी लावा. तुमच्या २४ फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास १२,८०० लिटर. रात्रीत फूटभर येतंय म्हणालात म्हणजे तेवढं आत्ताही येतंय, उन्हाळ्याच्या तोंडावर हे वाईट नाही, लोक यापेक्षा कमीवर डाळिंब जगवतात.

दुसरं, शेजारच्या चार विहिरी बघून या. खोली विचारू नका, गेरू किती फुटांवर लागला आणि त्याखाली ते किती गेले ते विचारा. गेरू साधारण आडवा पसरतो, त्यामुळे ओढ्याकडच्या विहिरीत तो कमी फुटांवर लागलेला असेल आणि ती माणसं त्याच्या खालच्या दगडात बरीच खोल गेलेली असतील. त्यांना खाली मांजऱ्या लागून पाणी लागलं असेल तर तुमच्या वडिलांचं बरोबर, दहा फूट जा. खालच्या थराचं डोकं गेरूखाली झाकलेलं असल्याने कधी कधी त्यातलं पाणी दाबाखाली असतं आणि चीर फुटली की चांगलं उसळतं, हे मी पाहिलंय. पण सगळ्यांकडे गेरूखाली चकचकीत खड्यांचा कडक दगडच निघाला असेल तर मग आणखी पाच फूट साठवणीपुरते घ्या आणि ब्रेकर परत पाठवा.

तिसरं, जे पाणी दिसतंय तेच वाढवा. गेरूच्या वर अर्धा-एक फूट, डोंगराच्या बाजूला, वरच्या पाषाणात आडवी बोअरं घ्या, दोन-तीन, थोडी पसरट कोनात. चिरा उभ्या आहेत आणि बोअर आडवं जातं, म्हणून ते वाटेत जास्तीत जास्त चिरा कापतं. खाली खोल जाऊन पाणी शोधण्यापेक्षा तुमच्या जागी याची शक्यता मला जास्त वाटते. गेरूच्या आत मात्र आडवं बोअर मारू नका, ते मिटून जाईल.

उभ्या बोअरबद्दल ब्रेकरवाल्याचं ऐकायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. गेरू हे तुमच्या पाझराचं ताट आहे. त्याच्यातून सहा इंची भोक पाडून तुम्ही खाली दोनशे फूट गेलात आणि खाली कोरड्या चिरा निघाल्या, तर वर अडलेलं पाणी त्या भोकातून खाली निघून जाऊ शकतं. विहीर आटली आणि बोअरलाही टिकाऊ पाणी नाही अशी दोन कुटुंबं मला माहीत आहेत, दोघांनीही विहिरीच्या तळातूनच बोअर घेतलं होतं. शिवाय खोल गेल्यावर चिरा मिटत जातात, तिथे पाणी लागणं मटक्यासारखं, आणि राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे ते वेगळंच. तुमच्या शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली ती याच दगडाचा स्वभाव ओळखून. डोंगरावर सलग समतल चर काढून मुरमात पाणी जिरवलं, विहिरीच ठेवल्या. तुमच्या डोंगरउतारावर असे चर आहेत का, असले तर गाळाने भरलेत का, तेही जमलं तर बघा, तुमच्या ३१ फुटांवरच्या पाझराचं मूळ तिथे वर आहे.

एक शक्यता राहिली. कधी कधी या आडव्या थरांना चिरत एखादी उभी काळ्या दगडाची भिंत जाते, लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्यांपैकी काही तशाच भरून थिजल्या, त्यांना डाईक म्हणतात, धुळे-नंदुरबारकडे त्यांची गर्दी आहे. तुमच्याकडे असेलच असं नाही. पण रानात एका रेषेत काळ्या धोंड्यांचा बांध लांबवर सरळ गेलेला दिसत असेल, ओढा-टेकडी न बघता, तर सांगा. त्याच्या एका बाजूला पाणी अडतं आणि दुसरी बाजू कोरडी पडते, मग वरचं माझं सगळं गणित थोडं फिरवावं लागेल.

भिंत धुतल्यावर एक फोटो टाका, मीटरपट्टी सोडलेली आणि डोंगराची बाजू कुठली ते बाणाने दाखवलेलं. खड्यांचे क्लोजअप नकोत आता, गेरूच्या वरचा आणि खालचा प्रत्येकी पाच फूट भाग स्वच्छ दिसू दे. आणि विहिरीत उतरणाऱ्याला हेल्मेट, कमरेला दोर, वर एक माणूस, हे ब्रेकरवाल्याकडून सुद्धा पाळून घ्या, गेरू भिजला असेल तर त्याच्याखाली कुणी उभं राहू नका.